घोंगडीखालचा हात

आटपाट माळ होता. नगर म्हणावं असं तिथं काही नव्हतं. एक बिरोबाचं देऊळ, एक चिंच, चिंचेखाली बाज आणि बाजेवर कुत्री शिकवणारा सुबानाआबा नावाचा म्हातारा. त्या माळावर फाल्गुनात एक घर आलं. घराला भिंती नव्हत्या. घोडीच्या पाठीवर मावेल एवढंच घर. माणसं दोन, तायाप्पा धनगर आणि त्याची बायको मायाक्का. तिसरी भिंगरी, त्यांची कुत्री, आणि मागं मेंढरांचा कळप.

"म्हंजे कुत्रीच वाईट हाय, असं तुजं म्हणणं?" आबांनी विचारलं.

"उलटी हाय," तायाप्पा म्हणाला. "वर म्हटलं की खाली जाती."

"किती येळा गेली?"

"एकदाच. पर त्या एकदात मेंढरं गेली."

आबांनी भिंगरीकडं पाहिलं. ती तायाप्पापासून थोडी लांब बसली होती. त्याच्या हातातली काठी जेवढी लांब, तिच्याहून वीतभर पलीकडं.

"सांग," आबा म्हणाले.

तायाप्पानं सांगितलं.

पाच-सहा बिऱ्हाडं मिळून फिरतात त्याला धनगर वाडा म्हणतात. वाडा कालव्याच्या काठाला उतरला होता. त्या दिवशी उतारावर तायाप्पाची मेंढरं होती, आणि त्यांच्यातच बाळाबाईची. बाळाबाई त्याच्या चुलतभावाची विधवा. तिला पोर नाही, बाळ नाही. मेंढरं होती, तेवढीच. त्यांची राखण तायाप्पाकडं असायची.

दुपारी आभाळ काळं झालं आणि गारा आल्या. आवळ्याएवढ्या. उताराच्या वर दगडाची मोठी कपार होती, तिच्यात कळप मावला असता. खाली कालवा भरून वाहत होता.

"मी घोंगडी डोईवर घेतली आन् वरडलो, भिंगरे, वर. पालातल्या बायांनीबी ऐकलं. विचारा कुणालाबी. आन् ही सटवी समदा कळप खाली घिऊन आली. पुढची मेंढरं पान्यात गेली, मागची त्यांच्या मागनं गेली. मेंढराची जात तुमाला ठावं हाय."

"कुणाची गेली?"

तायाप्पानं काठी ह्या हातातून त्या हातात घेतली.

"ज्यास्ती बाळावैनीची."

वाड्याचा कारभारी होता दगडू. तो म्हणाला, ज्याचं स्वतःचं कुत्रं ऐकत नाही, त्याच्या हाती दुसऱ्याची मेंढरं कशी द्यायची? पाडव्यापर्यंत तुझं कुत्रं शब्दाला जागतं हे दाखव. नाहीतर तू तुझ्या वाटेनं जा, वाडा वाड्याच्या वाटेनं जाईल.

आता एकट्या बिऱ्हाडाला काय असतं? दिवसा गाव चरू देत नाही, रात्री लांडगा झोपू देत नाही. चार महिन्यांत मेंढरं संपतात आणि मग माणूस दुसऱ्याच्या बांधावर मजुरीला जातो. हे धनगराच्या माणसाला सांगावं लागत नाही.

"बरं," आबा म्हणाले. "दाव तुजी कुत्री."

हे ऐकून तायाप्पाची छाती जरा वर आली. त्या भागात भिंगरीसारखी कुत्री नव्हती, आणि हे सांगायला तो कधी लाजला नव्हता.

त्यानं नुसता उजवा हात उचलला. भिंगरी सुटली. त्यानं खांदा वाकवला, ती वळली. त्यानं दोन पावलं टाकली, तिनं त्याच अंगाला कळप दाबला. काठीचं टोक जमिनीला लागलं, ती बसली. तोंडातून शब्द निघत होते, पण ते वाऱ्यावर. बघणाऱ्याला वाटावं, माणसाच्या हाताला आणि कुत्रीला मध्ये दोरीच बांधली आहे.

"माज्या बोटावर नाचती," तायाप्पा म्हणाला.

"दिसतंय," आबा म्हणाले. "आता घोंगडी घे."

"ऊन हाय की आबा."

"घे."

त्यानं घोंगडीची खोळ करून डोक्यावर घेतली. हात आत गेले. काठी आत गेली.

"आता धाड तिला वर."

"भिंगरे, वर."

भिंगरी उठली. त्याच्या भोवतीनं एक फेरी मारली. मग दुसरी. मग जवळ आली आणि घोंगडीच्या काठाखाली नाक घालून आत बघायला लागली... हात कुठं गेला म्हणून.

तायाप्पानं पायानं तिला बाजूला सारलं.

आबांचे दोन्ही हात चंचीत होते, पान लावत होते. मान खाली. तसंच त्यांनी म्हटलं, "पाटील, वर."

देवळाच्या सावलीतून एक म्हातारं, कान फाटलेलं कुत्रं उठलं आणि उतारावर वर गेलं.

"पाटील?" तायाप्पाला हसू आलं.

"गावचा पाटील हाका मारून उठत न्हाई," आबा म्हणाले. "म्हटलं, एक तरी उठणारा असावा."

*

दुसऱ्या दिवसापासून तायाप्पाला दगडावर बसवलं.

हात मांडीखाली. काठी आबांच्या बाजेखाली. उताराच्या वरच्या अंगाला एक दगडांची रास, खालच्या अंगाला मेंढरांना पाणी पाजायची दगडी दोण. "वर" म्हटलं की भिंगरीनं राशीकडं जायचं, "खाल" म्हटलं की दोणीकडं. बस. एवढंच शिकवायचं होतं.

"भिंगरे, वर," तायाप्पा म्हणाला.

भिंगरी त्याच्या तोंडाकडं बघत राहिली.

"वर."

ती त्याच्या खांद्याकडं बघायला लागली.

"अगं वर. वर. वर."

एक खडा येऊन तायाप्पाच्या घोट्याला लागला.

"आबा?"

"पाय हलला."

"कुठं हलला?"

"तिला इचार."

खडे आबांच्या उशाशी ओंजळभर होते. नेम चांगला होता. पाय हलला की घोट्याला, खांदा हलला की खांद्याला. एकदा कपाळाला लागला.

"आता काय हललं?"

"भुवई."

चार दिवस असंच गेलं. माणूस किती हलतो हे त्याला दगडावर बसल्यावर कळतं. तायाप्पाला वाटायचं, मी बोलतो. बोलायच्या आधी त्याचा अंगठा बोलून झालेला असायचा.

संध्याकाळी चुलीजवळ तो घोटा चोळत बसायचा. मायाक्का भाकरी थापायची.

"म्हाताऱ्याला पाय न्हाईत," तो एकदा म्हणाला. "आल्यापासनं बगतुया. बाजेवरनं हलत न्हाई. त्याच्या कुत्र्याला बघायला काय हायच न्हाई, मग ते शब्दावरच जानार. त्यात त्याची काय हुशारी?"

"तुमी त्यांना तसं म्हणा की," मायाक्का म्हणाली.

"म्हणीनच."

"म्हणा. खडे संपलं आसतील तवा म्हणा."

पाचव्या दिवशी आबांनी नवं सांगितलं.

"आधी बोल. मग दम घे. मग हल."

"म्हंजे?"

"तू हलत हलत बोलतूस. तिला शब्द कशाला लागंल? ताट पुढ्यात आल्यावर जेवायला चला म्हटल्यासारखं हाय."

मग तसं सुरू झालं. "भिंगरे, वर." एक श्वास. मग तायाप्पा उठून राशीकडं चार पावलं टाकायचा. भिंगरी त्याच्या पावलांबरोबर जायची, आणि राशीजवळ पोचली की मायाक्का तिला ताकात भिजवलेला भाकरीचा तुकडा द्यायची.

शब्द. श्वास. पाऊल. तुकडा.

शब्द. श्वास. पाऊल. तुकडा.

कुत्रं शहाणं असतं. त्याला माणसाएवढा अभिमान नसतो, म्हणून लवकर शिकतं. भिंगरीच्या ध्यानात आलं की ह्या शब्दाच्या मागनं पाऊल येतंच येतं. मग पावलासाठी थांबायचं कशाला? अकराव्या दिवशी शब्द झाला, तायाप्पानं श्वास घेतला, आणि तो उठायच्या आत भिंगरी राशीजवळ उभी होती.

तायाप्पानं आबांकडं बघितलं.

आबा पान चावत होते.

"झालं की आबा."

"अर्धं."

"उरलं काय?"

"आता वर म्हण. आन् खाली चाल."

तायाप्पाचं तोंड बदललं. रागानं बदललं असं मायाक्काला वाटलं. पण नुसता राग नव्हता.

"हे कशापायी?" तो म्हणाला. "आसं कोण करतं? वर म्हणायचं आन् खाली जायचं?"

"गारांत काय सांगावं."

"आबा, तुमाला पाय न्हाईत," तायाप्पा एकदम बोलून गेला. "रागावू नका. पर तुमाला चालताच येत न्हाई, म्हणून तुमचं कुत्रं शब्दावर जातंय. ज्याला पाय हाईत त्यानं काय करायचं?"

मायाक्कानं पदर तोंडाला लावला.

आबांनी चंची गुंडाळली. कमरेला खोचली. मग बाजेवरून एक पाय खाली सोडला. मग दुसरा. वहाणा घातल्या, तळवा नीट बसवला, आणि उभे राहिले. चांगले ताठ उभे राहिले.

"पाटील," ते म्हणाले, "वर."

आणि स्वतः खाली चालायला लागले. दोणीच्या दिशेनं. लांब ढांगा टाकत, हात हलवत, एकदा तर खालच्या बाजूला बोट दाखवत.

पाटील वर गेला. त्यानं मागं वळूनसुद्धा पाहिलं नाही.

आबा दोणीजवळ पोचले, हात धुतले, तोंडावर पाणी मारलं आणि तसेच चालत परत आले.

"आबा... तुमी चालता?"

"तू कधी इचारलं न्हाईस."

तायाप्पा दगडावर बसून राहिला. अकरा दिवस तो रोज ह्या माणसाच्या पुढ्यात बसत होता. माणसाला पाय आहेत की नाहीत हे त्यानं बघितलं नव्हतं, ठरवलं होतं.

"आता तू," आबा म्हणाले.

तो उठला.

"भिंगरे, वर."

श्वास घेतला. आणि खाली चालायला लागला.

भिंगरी दोन पावलं वर गेली. मग तिनं त्याला खाली जाताना पाहिलं.

ती थांबली.

तिची शेपटी पोटाखाली गेली. कान मागं पडले. ती वरही गेली नाही, खालीही गेली नाही. जमिनीला पोट लावून सरपटत तायाप्पाच्या पायापाशी आली, कुशीवर पडली आणि डोळे मिटले... मार पडायच्या आधी कुत्रं मिटतं तसे.

माळावर मेंढरांच्या चरण्याचा आवाज तेवढा येत होता.

"चुकलं म्हणून कुत्रं आसं करत न्हाई," आबा म्हणाले. "हे तिनं आधी बघितलंय."

तायाप्पा एक पाऊल मागं सरला.

"तोंड वर, पाय खाली. आन् मागनं काठी. हे कुठं बघितलं तिनं?"

तायाप्पानं तोंड फिरवलं.

"त्या दिशी तू काय म्हणालास?"

"वर."

"व्हय. समद्यांनी ऐकलं. आन् घोंगडीखाली कुणाला काय दिसलं न्हाई." आबा बाजेवर बसले. "पाय कुठं गेलं तुजं?"

तायाप्पा खाली बघत होता. भिंगरीचे डोळे अजून मिटलेले होते.

"कपार लांब हुती," तो म्हणाला. "कालव्याच्या मोरीखाली जागा हुती... एका माणसापुरती. गारा डोस्क्यात बसत हुत्या. मी म्हणालो वर... आन् म्हणता म्हणता पळालो खाली."

"आन् ती?"

"ती मागनं आली. कळप घिऊन. मी जिकडं, तिकडं... तिला आजवर तेवढंच शिकवलं हुतं."

"मग काठी."

"मग काठी. समद्यांच्या म्होरं."

मेंढरं चरत चरत लांब गेली.

"आबा, हे कुणाला ठावं न्हाई."

"भिंगरीला हाय."

"ती कुणाला सांगनार न्हाई."

"न्हाई," आबा म्हणाले. "ती तुज्यापरीस बरी हाय."

*

त्या रात्री तायाप्पा जेवला नाही. मायाक्कानं पुढ्यात ठेवलेलं झाकून ठेवलं.

"मी खाली पळालो हुतो," तो म्हणाला.

मायाक्का चुलीतली लाकडं मागं ओढत होती. हात थांबला नाही तिचा.

"ठावं हाय."

"तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या वहानांनी. कालव्याचा गाळ बसला हुता तळव्याला. कपारीला गेलेल्या माणसाच्या वहानंला तांबडी माती आसती." ती म्हणाली. "मीच धुतल्या त्या. कुणी बघायच्या आत."

तायाप्पाला वाटलं होतं, आपली लाज आपल्या एकट्याची आहे. ती दुसऱ्या कोणीतरी महिनाभर पदराखाली धरली आहे हे कळल्यावर माणसानं कुठं बघावं?

तो बाहेर गेला. भिंगरी पालाच्या खुंटीजवळ होती. तो तिच्या शेजारी जाऊन बसला. ती उठून वीतभर पलीकडं सरकली.

काठी तर आबांच्या बाजेखाली होती. तरी ती काठीच्या अंतरावरच बसली.

*

सकाळी तो आबांकडं गेला.

"आता काय करू?"

"शिकव."

"आन् वाड्यात..."

"मी कुत्र्याचं सांगतो," आबा म्हणाले. "मानसांचं मला कळत न्हाई."

पाडव्याला चौदा दिवस होते. ते चौदा दिवस फार हळू गेले. आधी भिंगरीला नवं काही शिकवायचं नव्हतं, जुनं पुसायचं होतं. तायाप्पा "वर" म्हणायचा आणि खालच्या बाजूला एकच पाऊल टाकायचा. भिंगरी पोट टेकायची. तो जमिनीवर बसायचा, हात मांडीवर उघडे ठेवायचा आणि वाट बघायचा. ओरडणं नाही, ओढणं नाही. कधी पाव घटका लागायची. ती उठायची, वर जायची, तुकडा मिळायचा.

मग दोन पावलं. मग पाच.

एकदा तो अर्ध्या उतारापर्यंत खाली गेला आणि भिंगरी वर पोचली. पोचल्यावर मात्र तिनं मागं वळून बघितलं. मारायला येतोय का, ते.

"बघू दे," आबा म्हणाले. "अजून चार दिस बघंल."

चार नाही, सहा दिवस बघत होती. सातव्या दिवशी तिनं बघितलं नाही. त्या दिवशी तायाप्पा दोणीजवळ उभा होता, डोक्यावर घोंगडी, हात आत, तोंड खालच्या बाजूला. त्याला भिंगरी दिसतसुद्धा नव्हती. पण वरून मायाक्काची हाक आली, "पोचली हो."

तायाप्पा घोंगडीतून बाहेर आला नाही. बराच वेळ आतच उभा होता.

*

पाडव्याच्या सकाळी वाडा त्याच उताराला जमला. पालांवर गुढ्या होत्या. खाली कालवा, वर कपार. दगडू कारभारी पटका बांधून बसला होता. बाया एका अंगाला. बाळाबाई सगळ्यांच्या मागं, तिची उरलेली पाच मेंढरं घेऊन.

"कर सुरू," कारभारी म्हणाला.

तायाप्पानं खोळ केली. हात आत गेले.

"भिंगरे, वर."

श्वास.

आणि तो खाली चालायला लागला. कालव्याकडं. पायाला पाय लावून, सगळ्यांना दिसेल असा.

भिंगरीनं कळप उचलला आणि वर नेला. एक मेंढी फुटून खाली आली, तायाप्पाच्या मागं. भिंगरी आली, तिला वळवलं, परत वर. मालक खाली गेला त्याच्याकडं तिनं ढुंकून बघितलं नाही. सगळी मेंढरं कपारीत गेल्यावर तोंडाशी आडवी बसली.

"वा," कोणीतरी म्हणालं.

"ह्याला म्हणत्यात कुत्रं."

कारभारी उठला. "सुदारलं बग तुजं कुत्रं. लाग आजपासनं वाड्याला."

मायाक्कानं डोळे मिटून बिरोबाला हात जोडले. झालं होतं. त्यांचं बिऱ्हाड राहिलं होतं. तायाप्पानं नुसती मान हलवली असती आणि गूळ तोंडात टाकला असता तरी झालं असतं.

तेवढ्यात बाळाबाई पुढं आली. तिच्या हातात पोळीचा अर्धा तुकडा होता. सणाचा. तिनं तो भिंगरीपुढं ठेवला, तिच्या डोक्यावर हात फिरवला आणि हळूच म्हणाली, "बाई गं, त्या दिशी येवढं ऐकलं आसतंस तर..."

तिच्या बोलण्यात राग नव्हता.

तायाप्पानं डोक्यावरची घोंगडी काढली.

"वैनी," तो म्हणाला. "तिनं काय बी उलटं केलं न्हाई. मी वर म्हणालो आन् खाली पळालो. मोरीखाली दडाय. ती माज्या पायामागं आली. तुमची मेंढरं माज्या पायांनी नेली. आन् मार मी तिला दिला."

गुढीचं कापड तेवढं वाऱ्यानं फडफडत होतं.

त्यानं एक श्वास घेतला.

मग चालायला लागला. बाळाबाईच्या पालाशी एक फुटकं मडकं होतं, त्यात कालवलेला गेरू. ज्याच्या त्याच्या मेंढरावर ज्याची त्याची खूण असते. बाळाबाईची खूण पाठीवर गेरूचा पंजा. तायाप्पानं मडकं उचललं, कपारीत गेला आणि आपल्या मेंढरांच्या पाठीवर तिचा पंजा उठवायला लागला. एक. मग पुढची. निवडून नाही, हाताला येईल ती. पहिल्या पाचात त्याची दुधाची सगळ्यात चांगली मेंढी होती.

"किती करतुयास रं?" कारभाऱ्यानं विचारलं.

"मोजू नका," तायाप्पा म्हणाला.

मायाक्का गेली आणि मेंढरं एकेक करून त्याच्यापुढं धरायला लागली.

बाळाबाई बघत होती. बराच वेळ बघत होती. कुठं तरी निम्म्याच्या पुढं गेल्यावर ती आली आणि तिनं मडक्यावर हात ठेवला.

"पुरं," ती म्हणाली.

"वैनी, अजून..."

"पुरं म्हणते न्हवं. समदीच मला दिलीस तर उद्यापास्नं तू काय राखनार, वारा?" तिनं मडकं त्याच्या हातातून काढून घेतलं. "आन् माजी कोण राखनार? मला काय पळता येतंय आता?"

कारभाऱ्यानं पटका काढून मांडीवर ठेवला. डोकं खाजवलं.

"बाळावैनीची मेंढरं राखायची तर," तो सावकाश म्हणाला, "राखनारा वाड्यातच पायजे."

तायाप्पानं मान वर केली नाही. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत तांबडे झाले होते. भिंगरी येऊन त्याच्या पायाशी बसली.

अगदी पायाशी बसली. मध्ये अंतर नव्हतं.

*

बिरोबा त्यांना पावला, असं सगळे म्हणतात. पुढच्या वर्षी चारा चांगला झाला. पंजाची मेंढरं दुणावली आणि बिनपंजाचीही. भिंगरीला पाच पिल्लं झाली आणि त्यातली चार वाड्यातल्या चार पालांना गेली. मायाक्काच्या घोडीवर कोकरांच्या जाळीशेजारी आता एक झोळी होती, आणि झोळीत एक पोरगी. लग्नानंतर सात वर्षांनी झालेली. तिला काजळाची तीट बाळाबाईच लावायची.

फाल्गुनात अख्खा वाडा त्या माळाला आला. तायाप्पा चिंचेखाली गेला. आबा बाजेवर होते. पाटील त्या वर्षी नव्हता. त्याच्या जागी देवळाच्या सावलीत भिंगरीचं पाचवं पिल्लू होतं, वाड्यानं आबांना दिलेलं.

"आबा, ती आता माज्या पायांकडं बघतच न्हाई," तायाप्पा म्हणाला. "घोंगडी आसू दे, अंधार आसू दे, मी कुठंबी जाऊ दे. वर म्हटलं की वर. खाल म्हटलं की खाल. म्होरं काय हाय, बघत सुदिक न्हाई. निस्ता माज्या तोंडावर इस्वास."

आबांनी चंची उघडली. पान काढलं. पुसलं.

"व्हय?" ते म्हणाले. "मग आता बोलायच्या आधी भ्यायला लाग."